लेन्सखालचा डोळा

ताईच्या डाव्या बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग आहे. तो मामानं पाडला असं मी आजही म्हणते.

आम्ही जळकोटचे. ताईला लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचं स्थळ आणलं ते मामानं. आईचा थोरला भाऊ, त्याच्या शब्दापुढं घरात कुणी जात नसे. त्यानं ताईला कॉन्टॅक्ट लेन्स आणून दिल्या आणि बजावलं, "चष्मा हाय हे तिकडं कळता कामा न्हाय. झोपताना बी काढू नको."

ताई भीत भीत म्हणाली, "दुकानदार तर रोज काढा म्हणला, मामा."

"दुकानदाराला सोयरीक जमवायची न्हाय."

लग्नानंतर दोन महिने तिनं त्या डोळ्यातच वागवल्या. डोळा लाल झाला, पाणी वाहू लागलं, तरी सासरी "धूळ गेली" म्हणत राहिली. सोलापूरला नेलं तोवर जखम झाली होती. डॉक्टरांनी समजावलं, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन थेट हवेतून घेतो. सतत झाकून ठेवला की कोंडमारा होतो, मग जंतूंचं फावतं.

मामा शेजारीच उभा होता. "नशीब एकेकाचं," म्हणाला.

ते दोन शब्द मी पोटात घेऊन शिकले. पुढं पुण्यात प्रयोगशाळेत लागले. तिथं दान केलेल्या डोळ्यांतल्या त्याच पडद्याच्या पेशी काचेच्या बशीत वाढवत. काही साध्या हवेत, काही कमी ऑक्सिजनच्या पेटीत. हे काम मी मागून घेतलं. पेशी मरताना मला बघायच्या होत्या. त्यांचा फोटो मामाच्या पुढ्यात टाकायचा होता.

पेशी मेल्या नाहीत. उलट कमी ऑक्सिजनमध्ये जास्तच भराभर वाढल्या. पेटी बिघडली असेल म्हणून मी सगळं पुन्हा लावलं. तेच.

प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या बाई म्हणाल्या, "मिटलेल्या पापणीखाली ऑक्सिजन कमीच असतो, त्यांना सवय असते. पण नुसतं वाढणं वेगळं आणि पक्व होऊन घट्ट थर बांधणं वेगळं. ते बघ."

थर बांधायला पेशी खरंच रेंगाळत होत्या. पण एवढ्यावर माझं भागणार नव्हतं. बशा भिंतीवर आपटाव्यात असं वाटलं.

गेल्या वर्षी अणदूरला मामाच्या मुलीला बघायला पाहुणे आले. ताई आणि मी मदतीला गेलो होतो. स्वयंपाकघरात पोरीचे डोळे लालभडक दिसले.

"लेन्स कधीपासून आहेत?"

"चार दिवस. पप्पा काढू नको म्हणलेत."

मी तिला हात धुवायला लावले, लेन्स काढायला लावल्या, चष्मा चढवला आणि तिला बैठकीत घेऊन गेले. ताईलाही दंडाला धरून पुढं ओढलं.

"हिला चष्मा आहे," मी पाहुण्यांना सांगितलं. "माझ्या बहिणीचा ह्याच मामानं लपवला होता. तिचा डोळा बघा."

पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. मामाची खाली गेलेली मान मी पोटभर बघितली. खोटं कशाला सांगू, लई गोड वाटलं.

येताना एसटीत ताई खिडकीकडं तोंड करून बसली होती. तुळजापूर आल्यावर बोलली, "माझा डोळा मला न इचारता चारचौघांत दाखवलास. मामात नि तुझ्यात काय फरक गं?"



मामाची मुलगी आता चष्मा लावूनच कॉलेजला जाते, कधीमधी मला फोन करते. मामा बोलत नाही. नाही तर नाही. ताई बोलते, पण माझ्याकडं बघायचं असलं की पदर डाव्या बाजूला ओढून घेते.