चिंधी बांधलेली कणसं

हिंगणीला आमच्या शेतात दिवाळी उलटली की हुरडा होतो. काकू कपाशीच्या कडेनं वाणी ज्वारीच्या चार ओळी पेरते. वाणी खास हुरड्याची, दाणा गोड. जंगल जवळ आहे. रानडुकरं आणि पोपट काही ठेवत नाहीत म्हणून गावानं ती केव्हाच सोडली. काकूला बी तिच्या सासूकडून मिळालं. बाजारात ते मिळत नाही.

नियम एकच. पाहुणे येण्याआधी काकू चांगल्या कणसांच्या देठाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधते. गाठ सैल, देठाला काचू नये म्हणून. ती कणसं बियाण्याची. त्यांना काकाही हात लावत नाही.

दोन वर्षांपूर्वी डुकरांनी बहुतेक ज्वारी आडवी केली. त्यातच आत्या सासरची माणसं घेऊन सिंदीहून आली. आगटीत गवऱ्या फुलल्या होत्या, जवसाची चटणी तयार होती, आणि उरलेल्या जवळजवळ प्रत्येक कणसाला चिंधी होती.

"वयनी, औंदा कणसायचं लगन हाय का वो?" आत्या म्हणाली. "सारेच नवरदेव! मंग वऱ्हाड्यायनं खावाचं काय?"

सगळे हसले. काका हसला नाही. "पाहुण्यायसमोर इज्जत जाते. सोड थोड्या चिंध्या," तो काकूला हळूच म्हणाला.

"बी सरलं त पुढच्या साली कायची इज्जत?" काकू मोठ्यानं म्हणाली.

तिनं बिनचिंधीची कणसं तेवढी भाजली, गरम असतानाच हातावर चोळली. वाट्याला एकेक मूठ आली. पोट भरलं ते आगटीतल्या वांग्यांनी. पहिली मूठ आत्याच्या सासऱ्यांना दिली होती. ते बराच वेळ चावत राहिले.

"बाई, पिकलं की मले पसाभर बी देजो," ते म्हणाले. "आमच्याकडं कोणापाशीच नाई राह्यलं."

पोपटांपासून वाचवायला काकूनं त्या कणसांवर कापडी पिशव्या शिवून चढवल्या. बी सिंदीला गेलं. मग गावातलेही मागायला आले. वाणी पेरते म्हणून तिला हसणारेसुद्धा. आता शेजारच्या शेतांतही वाणी उभी असते, आणि पोपट एकाच शेतावर तुटून पडत नाहीत. गावात त्याला काकूचं बी म्हणतात.

यंदा हुरड्याचं बोलावणं आत्याकडून आलं. काकू आधी तिच्या ज्वारीत शिरली. कणसांवर चिंध्या होत्या. हिरव्या, आत्याच्या लुगड्याच्या. काकूनं दोन गाठी सैल केल्या आणि मग आगटीपाशी येऊन बसली.