पातळ थर तिच्या वाट्याला

एमएस्सीनंतर आम्ही दोघी यवतमाळच्या एकाच कॉलेजात, एकाच सरांकडे संशोधनाला लागलो. ती नेरच्या मोटारपंप मिस्त्रीची मुलगी, मी कचेरीतल्या बाबूची. विषय पॉलिस्टायरिनचा. हे प्लास्टिक थंड असताना काचेसारखं कडक असतं. तापवत नेलं की एका टप्प्यावर त्याच्या लांबलचक साखळ्या वळवळू लागतात आणि ते मऊ पडतं. सरांनी तिला काचेवरचा, केसाहून कितीतरी पातळ थर दिला. मला जाड चकत्या. चकत्यांचं उत्तर पुस्तकांत आधीच छापलेलं होतं.

कापसाची ती वाईट वर्षं. तिच्या वडिलांकडे दुरुस्तीला पंप येणं जवळपास थांबलं होतं, तरी ते तिला शिकवत होते. माझ्या घरी रोज स्थळांच्या गोष्टी. हेही मला खुपायचं.

नागपूरच्या यंत्रावर मोजून ती परतली. पातळ थर जाड चकतीपेक्षा बराच आधी मऊ पडला होता. "वरच्या साखळ्यांना दाबणारं कोणी नाही, म्हणून त्या आधी हलतात," ती सांगत होती. सरांची मान डोलत होती. माझ्या कामावर ती कधी डोलली नव्हती.

"थर घालायला प्लास्टिक ज्यात विरघळवलं, ते टोल्युईन आत राहिलं असेल," मी म्हणाले. "द्रावक उरला की प्लास्टिक तसंही लवकर मऊ पडतं."

शंका बरोबर होती. सुचली मात्र जळफळाटातून. सरांचा चेहरा उतरला, आणि मला बरं वाटलं.

बाहेर आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "तुले खरंच वाटते का, टोल्युईन असंन?"

"असू शकते."

तिनं नवे थर केले. टोल्युईन पुरतं उडून जावं म्हणून ते व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सलग वाळवायचे, आणि भारनियमन तर रोजचं. तिचे वडील दुकानातला जनरेटर टेम्पोत घालून कॉलेजात आले. "करा तुमचं काम. मी बसून राह्यलो इथंच," म्हणाले. माझे वडील कधी प्रयोगशाळेच्या दारापर्यंतही आले नव्हते.

या वेळी नागपूरला मीही गेले. पडद्यावर रेघ सरकत होती; ती जिथं वाकेल, तिथं थर मऊ पडला असं समजायचं. ती लवकर वाकू नये, असं मला मनापासून वाटत होतं. रेघ गेल्या वेळच्याच ठिकाणी वाकली.

तिनं माझा हात धरला. "तुह्या शंकेनं बरं झालं. आता कोणी बोट ठेवू शकत नाही."

तिच्या शोधनिबंधात माझ्या चकत्यांचे आकडे आले, तुलनेपुरते. पुढं ती परदेशी प्रयोगशाळेत गेली. मला शिकवण्याची नोकरी लागली ती नेमकी नेरला, तिच्याच गावात.

बाजारात तिचे वडील भेटतात. "म्याडम, पोरगी करते काय तिथं? मले समजंन असं सांगा ना." मी साखळ्यांची गोष्ट सांगते. ते ऐकत राहतात, चेहरा उजळत जातो. तो बघवत नाही, म्हणून मी पिशवी सावरते आणि तास आहे म्हणून निघते.