जिना नसलेला नकाशा

घाटनांदूरच्या सोसायटीचं गोदाम उत्तरेश्वर गवंड्यानं उभं केलं, तेही स्वतःच नकाशा काढून. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीची, पोती त्यात छतापर्यंत रचली, तरी भिंतीला साधी चीर गेली नाही.

त्याच साली कायदा आला. नोंदणी असलेल्यानंच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवायचं. डिग्री नसलेल्या जुन्या माणसांनाही नोंदणी मिळणार होती, पण पाच वर्षं हाच धंदा केल्याचा पुरावा हवा, आणि तो मुदतीत हवा. उत्तरेश्वरनं सगळे नकाशे सोसायटीचेच काढलेले. म्हणजे दाखला चेअरमन भगवानरावांनी द्यायचा.

भगवानरावांचा मेहुणा नुकताच औरंगाबादला आर्किटेक्ट झाला होता. गावातली कामं त्याला मिळायला हवी होती. दाखल्याचं नाव काढलं की भगवानराव पान चघळत म्हणायचे, "उद्या ये." असं वर्षभर चाललं. मी सोसायटीचा सचिव, समोरच बसायचो. तळपायाची आग मस्तकात जायची, पण नोकरी होती, वहीत डोकं घालायचो. शेवटी एकदा ते खेकसले, "कावून मागं लागलास बे? तू गवंडी हायस. नकाशा काढणं तुझं काम न्हाई."

बाहेर आल्यावर उत्तरेश्वर मला म्हणाला, "सचिव, ह्याच्याच तोंडून वदवून घेतो का न्हाई बगा."

पुढं सोसायटीच्या दुमजली इमारतीचं काम निघालं आणि अर्थातच मेहुण्याला गेलं. त्या आळशानं नकाशा गुपचूप उत्तरेश्वरकडूनच काढून घेतला आणि धड न बघता खाली झोकात सही ठोकली.

वार्षिक सभेत नकाशा भिंतीवर लागला. वरच्या मजल्यावर चेअरमनची ऐसपैस खोली. लोक माना डोलवत होते, तेवढ्यात मागून उत्तरेश्वर उठला.

"लई बेस हाय. पर चेअरमनसाहेब वर जाणार कुटून?"

नकाशात जिनाच नव्हता. सभेत असा हशा पिकला की मेहुण्याला तोंड लपवायला जागा उरली नाही. तो भगवानरावांच्या कानाला लागला, तसे त्याची अब्रू वाचवायला ते ओरडले, "ह्यो नकाशा त्याचा न्हाई! ह्या उत्तरेश्वरानं काढलाय! गोदामापासून धा वर्सं समदे नकाशे ह्योच काढतोय!"

मी मान खाली घालून शब्द न् शब्द प्रोसिडिंग बुकात उतरवला. शेवटी भगवानरावांनी रागारागात, न वाचताच खाली सही केली. काय गोड वाटलं म्हणून सांगू!

मुदत संपायला अकरा दिवस होते. त्या पानाची शिक्का मारलेली नक्कल जोडून उत्तरेश्वरनं अर्ज केला आणि त्याची नोंदणी झाली.

मेहुणा पुन्हा गावात फिरकला नाही. इमारतीचं काम अडलं. भगवानराव स्वतः उत्तरेश्वरच्या घरी निघाले, तसा मी आधीच निरोप धाडला.

"उत्तरेश्वरराव," ते दारातच उभे राहून म्हणाले, "तेवढा जिना काढून द्या."

उत्तरेश्वर जन्मात पान खात नसे. त्या दिवशी खास आणवून ठेवलं होतं. ते त्यानं सावकाश तोंडात घातलं, चांगलं चघळलं आणि म्हणाला, "उद्या या."