आठवी ओळ

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळा बाजार ‘फुलस्क्रीन’ म्हणायचा. मीही म्हणायचे, पण पाठीमागे. तोंडावर भाऊजी. त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पेटीएवढे टीव्ही गेले, भिंतीला चिकटणारे पातळ आले, आणि दुरुस्तीचं काम आटलं. मग त्यांनी लोकांचे कॉम्प्युटर टीव्हीला जोडून द्यायचं काम धरलं. वायर काय, कुणीही खुपसतं. पण चित्र नीट बसत नाही, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात आणि गिऱ्हाईक कुरकुरतं, की एवढा मोठा टीव्ही काय अर्धा बघायला घेतला? तिथे भाऊजी लागायचे.

खरं काम कॉम्प्युटरच्या आत शिरून करायचं असतं. टीव्हीला जसं चित्र हवं तसंच कॉम्प्युटरने पाठवायचं, त्याला रिझोल्यूशन म्हणतात, एवढं मलाही त्यांच्यामुळे कळलं. पण त्याला वेळ लागतो, पासवर्ड लागतो, आणि कॉम्प्युटर जुना असला तर तेही जमत नाही. रिमोटने मात्र टीव्हीतल्या टीव्हीत चित्र मोठं करता येतं. पट्ट्या चुटकीसरशी जातात. वरचं-खालचं थोडं कापलं जातं, त्याकडे भाऊजी कानाडोळा करायचे. “वरखाली बघतंय कोण?” असं म्हणायचे.

खाली मी असायचे. भाचीच्या लग्नाचं चित्रण त्यांच्या घरच्या टीव्हीवर लागायचं, त्यात सगळ्या घराच्या फोटोत मी पुढे जमिनीवर बसले होते. टीव्हीवर माझे फक्त केस दिसायचे. मी दर वेळी चिडायचे आणि ताई हसून लोळायची. “अगं, तुझा अंबाडा आलाय की. तोच तर बघण्यासारखा आहे.” ताईचं सगळं असंच. काहीही हसण्यावारी न्यायची, दुखणंसुद्धा.

एका हॉस्पिटलने बाहेरच्या पेशंटच्या हॉलमध्ये टीव्ही लावला, ते काम भाऊजींना मिळालं. आठ खोल्या, म्हणून पडद्यावर आठ ओळी. ज्या खोलीत ज्याला बोलावलंय त्याचा नंबर त्या खोलीच्या ओळीत उमटायचा. कॉम्प्युटर जुना होता, त्याला रुंद चित्र पाठवताच येत नव्हतं. पट्ट्या आल्याच. भाऊजींनी रिमोट घेतला, चित्र वाढवलं. वर हॉस्पिटलचं नाव अर्धं कापलं गेलं म्हणून सगळं चित्र थोडं खाली सरकवलं. नाव पूर्ण दिसायला लागलं. त्या दिवशी आठव्या खोलीचे डॉक्टर, हृदयाचे, आलेच नव्हते. त्यांची ओळ रिकामी होती. रिकामी ओळ पडद्याखाली गेली हे कुणाच्या लक्षात येणार? मोठ्या साहेबांनी तोंडभरून कौतुक केलं. भाऊजी घरी आले ते छाती फुगवूनच.

चार महिने तसंच चाललं. आठव्या खोलीची नर्स खमकी होती. दोन मिनिटं वाट बघायची आणि दारात येऊन नंबर ओरडायची. लोक टीव्हीकडे बघत नाहीत, असं तिला वाटायचं. लोकांना वाटायचं, तिला ओरडायची खोड आहे.

मग एका सकाळी ताईच्या छातीत कळ आली. पित्त झालंय म्हणाली. मी हात धुऊन मागे लागले तेव्हा कुठे निघाली. हॉस्पिटलच्या दारात खुर्ची दिली तर बसली नाही, चालत आत गेली आणि खिडकीवरच्या कारकुनाला म्हणाली, थोडी जळजळ आहे. त्याने आठव्या खोलीचा नंबर दिला. बेचाळीस.

आम्ही तिघं टीव्हीच्या समोरच बसलो. भाऊजींनी मुद्दाम ती जागा धरली होती. त्यांची नजर पडद्यावरून हलेना. तिसऱ्या खोलीत कोण, पाचव्या खोलीत कोण, सगळं ताईला वाचून दाखवत होते. ती अधूनमधून घाम पुसत होती. एकदा म्हणाली, चित्र छान दिसतंय हं. खमकी नर्स त्या दिवशी रजेवर होती. तिच्या जागी आलेली नवी मुलगी बिचारी नियमाने चालणारी होती, ओरडली नाही.

पावणेदोन तास झाले आणि आठव्या खोलीचे डॉक्टर बाहेर पडून ऑपरेशनला निघून गेले. भाऊजी खिडकीकडे धावले, मी त्यांच्या मागे. कारकून शांतपणे म्हणाला, “बेचाळीस दोनदा लावला होता. तुम्ही आला नाहीत, मग गैरहजर टाकलं.”

“पडद्यावर आलाच नाही,” भाऊजी म्हणाले. “मी डोळे लावून बसलोय.”

कारकुनाने आपला कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. त्यावर आठ ओळी होत्या. आठवीत बेचाळीस, पुढे गैरहजर. भाऊजींनी वळून टीव्हीकडे पाहिलं. मीही पाहिलं. सात ओळी होत्या. पट्टी कुठेच नव्हती.

मी आरडाओरडा करून दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. तो खुर्चीपर्यंत आला तेव्हा ताईची मान भिंतीला टेकली होती आणि नंबराची चिठ्ठी मुठीत होती. आत नेलं, पण उपयोग झाला नाही. तासभर आधी आली असती तर, असं तो म्हणाला. ती तासभर आधीच आली होती.

मी भाऊजींना माफ केलेलं नाही. त्यांचा डबा रोज माझ्याकडून जातो, ती गोष्ट वेगळी. डबा ताईसाठी जातो.

तीन आठवड्यांनी सकाळी ते दारात उभे राहिले, हातात कामाची पिशवी. म्हणाले, माझ्याबरोबर चल, माझ्या एकट्याच्याने होणार नाही. हॉस्पिटलचा हॉल उघडला तसे आम्ही आत गेलो. त्यांनी रिमोट घेतला आणि चित्र मुळात होतं तेवढं करून टाकलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, तळाला आठवी ओळ आली. कारकून मान वर करून म्हणाला, काका, पट्ट्या तेवढ्या घालवा की.

“त्या राहतील,” भाऊजी म्हणाले.

मग ते त्याच खुर्चीत जाऊन बसले. मी शेजारी ताईच्या खुर्चीत बसले नाही, एक सोडून बसले. हॉल भरत गेला. बऱ्याच वेळाने आठव्या ओळीत एक नंबर उमटला आणि मागच्या रांगेतली एक बाई पिशवी सावरत उठली, आठव्या खोलीत गेली. दार लागलं.

भाऊजी हातातल्या रिमोटकडे बघत होते. “दोन बटणं,” ते म्हणाले. “एवढंच होतं गं.”

नाही हो, तुमचा काय दोष, असं कुणीही म्हटलं असतं. माझ्या ओठांवरही आलं होतं.

“हो,” मी म्हटलं. “एवढंच होतं.”