मालेच्या बांधावर दोन लॅपटॉप

उन्हात वाचता येणारा लॅपटॉप दुकानात बसून निवडता येत नाही, कारण दुकानात ऊन नसतं. एवढी साधी गोष्ट कळायला आम्हाला तीन शोरूम पालथी घालावी लागली. शेवटी ओळखीच्या दुकानदारानं दोन लॅपटॉप शनिवार-रविवारपुरते वापरून बघायला दिले आणि आम्ही पुण्याजवळच्या सूसहून मुळशीतल्या मालेला निघालो.

माझी बायको मेधा जमिनीची खासगी मोजणी करते. मालेत बबनराव आणि संतोष या सख्ख्या भावांमधला बांध ठरायचा होता; मोजणी झाली होती, आता नकाशा लॅपटॉपवर दोघांना दाखवायचा होता. संतोषला आपल्या हिश्श्यात पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्यात. विटा येऊन पडल्यात, पण बांध ठरत नाही, आणि भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. आज जमलं नाही तर कोर्टात जाणार, असं दोघांनीही मेधाला फोनवर वेगवेगळं सांगितलं होतं. तेवढ्यावर तरी एकमत होतं.

तुम्ही जाणार असाल तर नांदे-लवळेमार्गे पिरंगुट गाठा. रस्ता अरुंद आहे, पण डोकं शांत राहतं. पौडला मिसळ खाऊन घ्या. चहासकट दोघांचं दोनशेत भागलं. पुढे डोंगर जवळ येतात आणि तलाव दिसणाऱ्या प्लॉटचे फलक सुरू होतात. तलाव बराच नंतर येतो.

मालेत दोघं भाऊ बांधाच्या दोन बाजूंना उभे होते. "नकाशा घरात बसून दाखवू का?" मेधानं विचारलं.

"न्हाई म्याडम," बबनराव म्हणाले. "बांधाचं बांधावर. त्याच्या ओट्यावर बसलं तर त्याच्या बाजूनं झालं म्हणत्यात लोक."

बांधावर सावलीला एक आंबा होता. पण तो कुणाचा, हाच अर्धा वाद. त्यामुळे त्याच्याखाली कुणीच उभं राहीना. दोन लॅपटॉप पारखायला यापेक्षा कडक ऊन मिळालं नसतं.

पहिला मॅट पडद्याचा, भरपूर उजेडाचा. भर दुपारी नकाशातली रेघ न् रेघ दिसत होती. इतकी स्वच्छ, की वाटेनं जाणारेही थांबून वाचू लागले.

"आंबा संतोषच्यात जातोय की!"

"येडा हायेस का? रेघ पलीकडनं जातीया."

चारचौघांत रेघ वाचली गेल्यावर माघार कोण घेणार? बबनरावांनी पाठ फिरवली. संतोष विटांकडे बघत राहिला. पूर्ण उजेडावर ठेवलेल्या त्या लॅपटॉपची बॅटरी तेवढ्यात संपली.

मग दुसरा काढला. चकचकीत काचेचा, घरात फार देखणा. संतोष वाकला.

"ह्यात मीच दिसतोय."

"मग बघ की नीट," बबनराव म्हणाले. वर्षातलं पहिलं वाक्य.

पलीकडच्या माळावर मेंढ्या चारणाऱ्या बाईंनी खांद्यावरची घोंगडी पुढे केली. "डोक्यावर घ्या. मोबाइल मी असाच बघती."

दोघं भाऊ लॅपटॉप घेऊन एका घोंगडीखाली गेले. बघे कंटाळून पांगले. आतून आधी खोकला ऐकू आला, मग बराच वेळ पुटपुट.

"गाईला वाट?"

"ठेवतो की, दादा. तुजी गाय म्हंजी काय परकी हाय?"

बाहेर आले तेव्हा दोघंही घामाघूम होते. संतोषनं पायानं रेघ ओढून दाखवली, बबनरावांनी ती हातभर सरकवली, संतोषनं तिथं दगड ठेवला. मेधानं त्यावर चुन्याची फक्की मारली. आंबा दोघांचा राहिला, आणि जेवण बबनरावांकडे झालं: भाकरी, सुकट, कांदा.

घरी येऊन हिशोब मांडला. बाहेर काम असेल तर मॅट पडदा घ्या, पडद्याचा उजेड सांगणारा निट्सचा आकडा बघा, आणि जादा बॅटरीशिवाय निघू नका. मेधानं उजेडाचाच घेतला. मी म्हणालो, "पण वाद मिटवला दुसऱ्यानं. त्याला लेखात निदान चार चांगल्या ओळी लिहितो."

"नको लिहूस," ती म्हणाली. "हातात परत आला तेव्हा तो पासवर्ड मागत होता. दोन मिनिटांत कुलूप पडतं त्याला. नकाशा त्यांनी बघितलाच नसेल."

"मग बोलली का नाहीस?"

"नकाशातली रेघ आंब्याच्या पलीकडून जात होती, आंबा एकाचाच होत होता. गाईला वाट कुठेच नव्हती."

नव्या लॅपटॉपवर तिनं पहिलं काम केलं ते जुनी रेघ पुसून भावांची काढण्याचं. दिवेलागण झाली होती, त्यामुळे पडद्याचा उजेड तिला कमी करावा लागला.