सासूबाईंच्या पाठीवरची नागीण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या चाळीत माझं नाव चांगलं आहे. सासूची सेवा करावी तर हिच्यासारखी, असं बायका आपापल्या सुनांना ऐकवतात. मी मान खाली घालते. त्यांना तो माझा विनय वाटतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. दोन खोल्या, नवरा एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्टला, मुलगा दोन वर्षांचा, आणि सासूबाई. घरात त्यांचाच शब्द चालायचा. माझं माहेर बदलापूर गावात, म्हणजे एकच स्टेशन पुढे. तरी माझी आई आजारी पडली तेव्हा त्यांनी मला धाडलं नाही — माहेरची नाटकं म्हणाल्या. मी पोचले तेव्हा आईला अंगणात काढून ठेवलं होतं. तेरावं झालं, परत आले आणि स्वयंपाकाला लागले. दुसरं काय करणार होते? जाणार कुठे?

वर्षभरात सासूबाईंना नागीण उठली. उजव्या कुशीवर, बेंबीपासून पाठीच्या कण्यापर्यंत पाणीदार फोडांचा पट्टा. नुसता पदर लागला तरी कळवळायच्या. उल्हासनगरला एका सिंधी डॉक्टरकडे नेलं. त्या कोकणातल्या, त्यांना हिंदी समजत नव्हतं. डॉक्टर जे बोलला ते माझ्याशी बोलला. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्या नसेत दडून बसतात आणि म्हातारपणी अशा उठतात, म्हणाला. गोळ्या वेळेवर द्या, फोड फोडू नका, सुती कापडाने झाकून ठेवा, पोराला जवळ येऊ देऊ नका, त्याला कांजिण्या येतील. आणि उठताना म्हणाला, "एक ही साइड रहेगी, दूसरी साइड कभी नहीं जाती. डरने का नहीं."

रिक्षात बसल्याबरोबर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनाला गो? तोंड नि शेपूट मिळनार काय?"

आपल्याकडे म्हणतात ना — नागिणीने कमरेला वेढा घातला, तोंडाला शेपूट टेकलं, की माणूस जातो. त्यांचा त्यावर पक्का विश्वास. आणि मी — मी म्हणाले, "रोज बघत राहायला सांगितलंय."

एवढ्यावर थांबले असते तर? पण त्यांना स्वतःची पाठ दिसत नव्हती. घरातला आरसा तोंडापुरता. पोटच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, उघडी पाठ दाखवणार नाहीत, आणि शेजारणींना लागण होईल म्हणून मीच उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. रोज कापड बदलताना त्या विचारायच्या, कुठवर आली? मी त्यांच्या स्वच्छ डाव्या कुशीकडे बघायची आणि सांगायची — सरकलीय थोडी. हात लावू नका, असंही बजावायची. हळूहळू त्यांना डावीकडेही आग जाणवायला लागली. आडव्याच होईनात, जेवण तुटलं. त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या तोंडाकडे बघत होतं, मी काय म्हणते याची वाट बघत. खोटं कशाला बोलू — मला ते गोड लागत होतं.

एका दुपारी त्यांनी माझा हात धरला. "तुझ्या आयशीच्या टायमाला तुला धाडली नाय मी. चुकला माझा. मरताना मनात नको राहायला." रडत होत्या. जे ऐकायला मी वर्षभर आतल्या आत जळत होते, ते मला मिळालं होतं. आता तरी सांगायचं ना? एक वाक्य तर होतं.

दुसऱ्या दिवशी कापड बदलताना मी म्हणाले, "दोन बोटं राहिलीत, आई."

राग म्हणावा, तर तो आदल्या दुपारीच गेला होता. त्या बिनघोर झाल्या असत्या की माझ्याकडे बघायचं कारण उरलं नसतं. मला ते नको होतं.

पुढे खपल्या धरल्या, गळाल्या. सुनेने मला मरणाच्या दारातून ओढून आणलं, असं त्या चाळभर सांगत सुटल्या. कपाटाची किल्ली माझ्या हातात आली. माहेरी कधीही जा, म्हणायला लागल्या. आता कुणाला सांगणार होते मी? आणि सांगून त्याच दोन खोल्यांत राहणार होते कशी? लोकांनी माझं कौतुक करावं आणि मी ते गिळत बसावं, असं सुरू झालं ते आजतागायत.

त्यांची भीती मात्र गेली नाही. जितकी वर्षं जगल्या तितकी, दर अंघोळीला पाठ माझ्याकडे करून विचारायच्या, "बघ गो, परत आली काय?" मी नाही म्हणायची. पण ज्या दिवशी आमचं काही वाजलेलं असायचं, त्या दिवशी नाही म्हणायला जरा वेळ लावायची.

शेवटच्या आजारात त्यांची वाचा गेली. एकदा मी अंग पुसायला घेतलं, तशा त्या कशाबशा वळल्या आणि पाठ माझ्याकडे केली. पाठीवर काही नव्हतं. मी आधी फडकं पिळलं, दांडीवर वाळत घातलं, आणि मग नाही म्हणाले.