सात दाबला की वयनी

ये गं बाई, अशी जवळ ये. दारात उभं राहून "काकू, निघते" काय करतेस? पाठ टेकायच्या आत निघणाऱ्यांना मी चहा देत नाही. बस, माझ्या धाकट्या दिरांची गंमत ऐक. टेलिफोनला त्यांच्याइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही!

अमरावतीचं फुलांचं दुकान भाऊजी बघतात. हे गेल्यापासून इथलं, अकोल्याच्या जठारपेठेतलं मी. मोबाइल त्यांना चालत नाही. "खिशात फोन म्हंजे गळ्यात घंटी," म्हणतात. पण दुकानात एक्सचेंजचं मशीन बसवलंय: गल्ल्यावर एक फोन, हार गुंफणाऱ्या बायांपाशी एक, वर स्वयंपाकघरात एक. साधी हाक वर ऐकू जाते, तरी चहा फोनवरूनच मागतात, अन् जाऊबाई फोन ठेवून खिडकीतून ओरडते, "आणते बापा!" वडीलधाऱ्याचा फोन आला की उभं राहून, टोपी घालून बोलतात. दुपारी बटणं दाबून मशीनला शिकवत बसतात. मशीनने 'टूं' केलं की भाऊजीही 'हं' म्हणतात.

यंदा लग्नसराईत त्याला नवा धडा दिला. बाहेरगावचा लांबलचक कोड कोण लावणार? नुसता सात दाबायचा. बाकीचं मशीन लावणार, थेट माझ्या दुकानात घंटी! पहिल्या दिवशी तर "वाजला का?" एवढंच विचारायला फोनवर फोन!

अन् मग तो चांदूर रेल्वे गावातल्या लग्नाचा दिवस! वलगावहून झेंडू-शेवंतीची गाडी निघालेली, आणि नवरीच्या बापाचा निरोप आला की कार्यालय बदललं. भाऊजींनी ड्रायव्हरला फोन लावला. त्याचा मोबाइल नंबर नेमका सातने सुरू होणारा! मशीनला सात मिळाला, पुढच्या आकड्यांसाठी ते थांबतंय कशाला? घंटी माझ्याकडे.

"काय रे, कुठं पोचला?"

"भाऊजी, मी बोलून राहिली."

"वयनी? तुमी गाडीत काय करून राहिल्या?"

"गाडी कुठली? मी दुकानात आहो."

"मंग त्याचा फोन तुमी काहून उचलता?"

ठेवला. पुन्हा घंटी. "वयनी, त्याले बोलू द्या ना!" मशीन चुकेल हे त्यांच्या मनातच येईना. तिकडे मुहूर्त जवळ आलेला, मांडव तसाच उघडाबोडका. शेवटी मी ओरडले, "भाऊजी, सात म्हटलं की तुमच्या मशीनले मीच दिसते! नंबर सांगा, मी लावते माझ्या मोबाइलवरून."

मग अगदी बारीक आवाजात नंबर आला, अन् पाठोपाठ नव्या कार्यालयाचा पत्ता.

ड्रायव्हर चांदूरच्या रेल्वे फाटकाशीच सापडला. गाडी तिथूनच वळवली, नवरी मांडवात यायच्या आत कमानीवर झेंडू चढला, आणि इकडे अकोल्यात मी एकटीनेच टाळ्या पिटल्या!

त्याच संध्याकाळी भाऊजींनी तो धडा पुसून टाकला. आता ड्रायव्हरचा फोन ड्रायव्हरलाच जातो. दुपारी गिऱ्हाईक नसतं, फुलांवर पाणी मारून होतं, आणि माझा फोन मुकाट पडून असतो. परवा मीच लावला.

"काय झालं, वयनी? काही काम होतं का?" घाबरलेच ते.

म्हटलं, "काम कायचं, भाऊजी? लगनं आटोपली. जाऊबाईले घ्या अन् या ना अकोल्याले. लवकर या."